चार फेऱ्यांची नोंदणी, तीनच धावल्या: बुंदीची पहिली अजिलिटी स्पर्धा

बुंदी वीस महिन्यांची, शेल्टरमधून आणलेली, मिश्र जातीची कुत्री. खांद्यापाशी सतरा इंच उंच, अंगानं सडपातळ, पळायला वेडी. न्यू जर्सीतल्या एका मराठी घरात ती वाढली आणि त्या घरातली कॉलेजात जाणारी मुलगी तिला अजिलिटीत, म्हणजे उड्या, टनेल, फळ्या अशा अडथळ्यांच्या शर्यतीत पळवते. घरात सगळे या मुलीला ‘बुंदीची ताई’ म्हणतात, म्हणून इथे मीही तिला ताईच म्हणते. या दोघी ज्या क्लबमध्ये शिकतात तिथे मी नवशिक्यांचा वर्ग घेते. ताईची आई माझी मैत्रीण, त्यामुळे मी तिची मावशी.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण दर हंगामात वर्गातली एखादी तरी जोडी याच जागी अडते. वर्गात सगळं बिनचूक करणारा तरुण कुत्रा पहिल्या स्पर्धेत रिंगमध्ये शिरतो आणि जमीन हुंगत बसतो. मग घरचे, मित्र, क्लबमधले जुने लोक आपापलं निदान सांगतात. त्या निदानांपैकी कोणतं पुराव्यावर टिकतं आणि त्यावरून पुढच्या काही तासांत काय ठरवायचं, हा इथला खरा प्रश्न आहे.

स्पर्धेआधी

अमेरिकन केनेल क्लबच्या अजिलिटी स्पर्धेत उतरायला कुत्रा किमान १५ महिन्यांचा असावा लागतो. मिश्र जातीच्या कुत्र्यांना या स्पर्धा २०१० पासून खुल्या झाल्या. वयाची अट मला मनापासून पटते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चा अजून पक्क्या झालेल्या नसतात आणि पूर्ण उंचीच्या उड्यांचा भार त्यांच्यावर टाकणं धोक्याचं असतं. बुंदीला आम्ही दीड वर्षाची होईपर्यंत दांड्या खालीच ठेवून शिकवलं. त्यानंतर तिच्या गटाच्या १६ इंचांवर आणलं.

नोंदणी नोव्हिस या पहिल्या पायरीवर होती आणि वर्ग दोन. एक ‘स्टँडर्ड’: त्यात ए-फ्रेम (दोन्ही बाजूंनी उतरता चढ), डॉगवॉक (उंचावरची अरुंद फळी), टीटर (सीसॉसारखी झुकणारी फळी) हे चढायचे अडथळे, पाच सेकंद थांबायचं टेबल, सहा वीव्ह पोल (नागमोडी पार करायचे खांब), उड्या आणि टनेल. दुसरा ‘जंपर्स विथ वीव्हज’: त्यात चढायचं काही नाही, उड्या, टनेल आणि वीव्ह पोल एवढंच. शंभरापैकी ८५ गुण आणि ठरलेल्या वेळेच्या आत फेरी पूर्ण, म्हणजे ‘क्यू’, पात्र फेरी. दांडी पडली किंवा चढायच्या अडथळ्यावरच्या पिवळ्या पट्ट्यात पाय पडला नाही, तर ‘क्यू’ गेला. शनिवारी दोन फेऱ्या, रविवारी दोन.

बुंदीला हे सगळं यायचं. साडेपाच फुटी ए-फ्रेमवरून ती खाली येऊन थांबायची, बारा फुटी टीटरची फळी जमिनीला टेकेपर्यंत तोल सांभाळायची, वीव्ह पोलमध्ये दोन्ही बाजूंनी बरोबर शिरायची. पण एक गोष्ट नोंदवायलाच हवी. हे सारं तिनं एकाच हॉलमध्ये, त्याच हिरव्या कृत्रिम गवतावर, त्याच पाच-सहा ओळखीच्या कुत्र्यांसोबत आणि ताईच्या कमरेला खाऊची पिशवी असताना शिकलं होतं. कुत्रा नुसती क्रिया शिकत नाही. जागा, वास, उजेड, माणसाची उभं राहायची ढब हे सगळं त्या क्रियेसोबत त्याच्या डोक्यात बसतं. यातलं काय काय बदललं तरी क्रिया टिकते, ते निरनिराळ्या ठिकाणी नेल्याशिवाय कळत नाही.

शनिवार

स्पर्धा घोडेस्वारीच्या बंदिस्त रिंगणात होती. अमेरिकेत अजिलिटीच्या कितीतरी स्पर्धा अशाच जागी होतात, कारण एवढी मोठी, छपराखालची, मऊ जमिनीची जागा सहसा तिथेच मिळते. या खेळाचं आणि घोड्यांचं नातं तसं जन्मापासूनचं. १९७८ साली लंडनला क्रफ्ट्समध्ये दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांना गुंतवून ठेवायला म्हणून कुत्र्यांकडून घोड्यांसारख्या उड्या मारून घेतल्या गेल्या, तिथून हा खेळ सुरू झाला. बुंदीला मात्र घोडा ही वस्तूच नवी होती. पायाखाली माती आणि त्या मातीत लिदीचा, घामाचा, गवताचा, आधी येऊन गेलेल्या असंख्य कुत्र्यांचा वास.

पहिली परीक्षा रिंगच्या बाहेरच झाली. नव्या कुत्र्याची उंची मोजतात. धातूची एक चौकट त्याच्या खांद्यावर टेकवतात, तेवढा वेळ त्याला स्थिर उभं राहावं लागतं. अनोळखी माणूस चौकट घेऊन अंगावर वाकला तशी बुंदी खाली दबली, शेपटी पोटाशी गेली, कान मागे गेले. मोजणाऱ्या बाईंनी घाई केली नाही, बाजूला बसून वाट पाहिली आणि माप पार पडलं. त्यानंतर ताईनं उकडलेल्या चिकनचा तुकडा पुढे केला. बुंदीनं तो तोंडात घेतला आणि टाकून दिला. चिकनसाठी जी कुत्री घरी दार उघडायला शिकली, तिनं सकाळी आठ वाजता चिकन नाकारलं. माझ्या वहीत त्या दिवसाची सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच आहे. पुढच्या दोन्ही फेऱ्यांचा अर्थ याच नोंदीवरून लागला.

मग वाट पाहणं. मोठ्या उंचीचे गट आधी होते. बुंदीचा क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, आत, इतर क्रेटच्या रांगेत. शेजारचा शेल्टी जातीचा कुत्रा प्रत्येक फेरीला भुंकत होता. बुंदी झोपली नाही, क्रेटमध्ये बसून डोकं सारखं इकडून तिकडे फिरवत राहिली.

जंपर्सच्या फेरीआधी कोर्स पायी फिरून पाहायला वेळ देतात, त्या वेळी कुत्रे बाहेर असतात. ताईनं आखणी नीट केली होती. कुठे वळायचं, टनेलनंतर बाजू कुठे बदलायची, सारं पाठ. पट्टा सुटला, बुंदी आरंभरेषेवर बसली, ताई दोन उड्यांपुढे जाऊन उभी राहिली. पहिली उडी स्वच्छ, दुसरीही. तिसरीकडे वळताना बुंदीचं नाक मातीला लागलं. ताई थांबली आणि हाक मारली. मग पुन्हा हाक, पुन्हा हाक, आवाज चढत गेला, “बुंदी, ये ना, बुंदी, इकडे, बुंदी!” बुंदी उधळली. रिंगच्या कडेनं मोठमोठे गोल घेत, पडलेल्या दांड्या लावायला बसलेल्या स्वयंसेवकाजवळ जाऊन परत, एकाच टनेलमधून पुन्हा पुन्हा. प्रेक्षकांत हसू पसरलं. त्यात वाईट काही नव्हतं, पळणारा कुत्रा लोकांना आनंदीच वाटतो. पण तिचं मागचं अंग खाली दबलेलं होतं, तोंड घट्ट मिटलेलं होतं. खेळणाऱ्या कुत्र्याचं शरीर सैल असतं. हे तसं नव्हतं.

दुपारची स्टँडर्ड फेरी सुरुवातीला बरी गेली. ए-फ्रेम चढली, उतरली. टेबलावर चढली, पण पाच सेकंदांची मोजणी पुरी व्हायच्या आत उतरली, पुन्हा चढली. मग टीटर. टीटर किती वेगानं खाली यावी याचा नियम आहे: वर असलेल्या टोकापासून १२ इंचांवर तीन पौंडांचं वजन ठेवलं, तर तीन सेकंदांच्या आत फळी जमिनीला लागली पाहिजे. या मर्यादेत राहूनही दोन टीटर वेगळ्या वागू शकतात. इथली फळी आमच्यापेक्षा लवकर झुकली. अर्ध्यावर बुंदीनं बाजूला उडी टाकली आणि त्यानंतर ती कोणत्याही अडथळ्याकडे गेली नाही. वीव्ह पोल बाजूनं ओलांडले, नाक जमिनीला. ताईनं तिला शेवटच्या उडीवरून बाहेर काढलं, पट्टा लावला आणि गाडीमागे जाऊन रडली.

तीन निदानं

त्या संध्याकाळी तीन मतं पुढे आली. ताईचे बाबा म्हणाले, “रिंगमध्ये खाऊ नेता येत नाही ना, म्हणून ऐकत नाही ती. तिला माहीत आहे, आता काही मिळणार नाही.” क्लबमधल्या एका जुन्या सदस्याचं म्हणणं, कुत्री लाडावलीय, तिला शिस्त पाळायला लावलं पाहिजे. ताईचं म्हणणं, “मावशी, तिला हा खेळ आवडतच नाही बहुतेक. मीच तिच्यावर लादतेय.”

रात्री फोनवर आम्ही दोघींनी दोन्ही फेऱ्यांचे व्हिडिओ आवाज बंद करून पाहिले. असं पाहायची सवय प्रत्येक हँडलरनं, म्हणजे कुत्र्याला पळवणाऱ्यानं, लावून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. आवाज चालू असला की आपण आपल्याच हाकांकडे लक्ष देतो, बंद केला की शरीरं दिसतात. बुंदीचं नाक खाली जाण्याच्या प्रत्येक वेळी, त्याच्या जेमतेम एक सेकंद आधी ताईच्या शरीरात काहीतरी घडत होतं. कधी ती अचानक थांबत होती, कधी खांदे ताठ होत होते, कधी पुढचा अडथळा शोधायला ती बुंदीकडे पाठ करत होती. वर्गात ताई हसत पळते, हात मोकळे असतात. रिंगमध्ये ती श्वास धरून पळत होती. बुंदीला समोर दिसत होती ती ओळखीची ताई नव्हतीच.

बाबांचं निदान एका कसोटीवर पडतं. खाऊ मिळणार नाही हे कळल्यामुळे कुत्री काम टाळत असती, तर रिंगबाहेर मिळणारा खाऊ तिनं झडप घालून घेतला असता. बुंदीनं तो सकाळी आठलाच नाकारला, पहिल्या फेरीच्या कितीतरी आधी. पोटभर खाल्लेलं नव्हतं, आजारी नव्हती, संध्याकाळी घरी आल्यावर सगळं जेवली. भीतीनं किंवा अति ताणानं शरीर सावध झालं की कुत्र्याची खाण्याची इच्छा आधी मावळते. म्हणून मी खाऊकडे बक्षीस म्हणून नंतर आणि मापक म्हणून आधी पाहते. लाडावल्याचं निदानही याच जागी कोसळतं. हट्टी कुत्रा चिकन सोडत नाही.

मग हुंगणं कशासाठी? डच प्राणिवर्तनशास्त्रज्ञ निको टिनबर्खेन यांनी स्टिकलबॅक माशांमध्ये हे पाहिलं होतं: हद्दीच्या सीमेवर दोन नर समोरासमोर आले, की हल्ला करावा की पळावं या ओढाताणीत ते मध्येच घरटं खणल्यासारखी वाळू उकरू लागतात. त्या क्षणाशी संबंध नसलेली, पण शरीराला सवयीची क्रिया. ताईकडे जायचं होतं, पण ताईचं शरीर ताणलेलं होतं. पळायचं होतं, पण भोवती सारं अनोळखी होतं. या कात्रीत बुंदी हुंगत होती. उधळणं ही त्याचीच पुढची पायरी. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की उत्तेजना एका मर्यादेपलीकडे गेली की अवघड काम शिकणं बिघडतं. नुसती उडी बुंदीला तशाही स्थितीत जमत होती. वीव्ह पोल, टेबल, टीटर ही डोकं शांत लागणारी कामं आधी सुटली. फेऱ्यांचा क्रम पाहिला तर हे तंतोतंत दिसतं.

ताईच्या निदानाला मी त्या रात्री एवढंच उत्तर दिलं, की खेळ आवडतो की नाही हे बुंदीला अजून कळलेलंच नाही, कारण तिला तो तिथे खेळायलाच मिळाला नाही.

रविवारसाठीचा बेत

नियमांत एक सोय आहे. फेरी सुरू व्हायच्या आधी ‘फक्त प्रदर्शनासाठी’ असं सांगितलं, तर त्या फेरीला गुण मिळत नाहीत, पण खेळणं रिंगमध्ये नेता येतं. खाऊ तेव्हाही चालत नाही. पहिल्या स्पर्धेत फार कमी लोक ही सोय वापरतात, कारण ‘क्यू’ची शक्यता आपल्या हातानं सोडून द्यावी लागते. ताईला ते पटायला वेळ लागला. बाबांना तर त्या रात्री पटलंच नाही.

बेत असा ठरला. क्रेट आत न ठेवता गाडीत ठेवायचा, खिडक्यांवर पडदे. नोव्हेंबरची थंडी होती म्हणून हे शक्य होतं, उन्हाळ्यात मी असं कधीच सुचवणार नाही. फेरीच्या बऱ्याच आधी बुंदीला रिंगणाच्या कडेकडेनं लांब पट्ट्यावर फिरवायचं आणि तिला हवं तेवढं हुंगू द्यायचं, ओढायचं नाही, हाक मारायची नाही. गेटवर जायच्या आधी चिकनचे तीन तुकडे द्यायचे. तिन्ही खाल्ले तर आत जायचं, नाही खाल्ले तर नाव काढून घ्यायचं. आत गेल्यावर दोन उड्या, एक टनेल, लगेच टग, म्हणजे ओढाओढीचं खेळणं. तिनं टग धरला तर अजून दोन-तीन अडथळे आणि बाहेर. टीटर कोर्सवर कुठेही असली तरी तिच्याकडे जायचं नाही.

रविवार

हुंगायला मोकळीक मिळाल्यावर बुंदी बराच वेळ मातीतच होती. ताई माझ्याकडे पाहत होती, मी नुसती मान हलवत होते. मग बुंदीनं स्वतःहून डोकं वर केलं, अंग झाडलं आणि ताईच्या पायापाशी येऊन उभी राहिली. अंग असं सैल झाडणं आदल्या दिवशी एकदाही दिसलं नव्हतं. पहिला तुकडा तिनं सावकाश घेतला, दुसरा लगेच, तिसऱ्यासाठी बसून दाखवलं.

आत शिरताना ताईनं वेळ नोंदवणाऱ्या स्वयंसेविकेला सांगितलं, लोकरीचा वेणी घातलेला टग काखेत धरला, आणि मला रिंगबाहेरूनही दिसलं की तिनं मोठा श्वास सोडला. उडी, उडी, टनेल. टनेलमधून बाहेर येताच टग. बुंदीनं आधी तो नुसता तोंडात धरला, मग खेचला, मग गुरगुरत खेचला. ताई हसली. पुढे एक उडी, ए-फ्रेम, पिवळ्या पट्ट्यावर थांबणं, पुन्हा टग, आणि टग तोंडात धरूनच बुंदी बाहेर आली. सगळं अर्ध्या मिनिटाच्या आसपास.

आणि मग खरा वाद झाला. जंपर्सची फेरी दुपारी उशिरा होती. बाबा म्हणाले, “आता ती तयार आहे. एवढ्या लांब आलोय, फी भरलीय, आणि आत्ताच तर तिला जमायला लागलंय.” ताईलाही पळावंसं वाटत होतं. “मावशी, तीही प्रदर्शनाचीच करते. टग घेऊन जाते.” दुसऱ्या एका प्रशिक्षकानंही तेच सुचवलं, आणि त्यात तथ्य होतं: एका चांगल्या अनुभवावर लगेच दुसरा रचला तर तो पक्का होतो.

मी नको म्हणाले. दोन दिवसांत बुंदीनं नवा वास, अंगावर वाकलेला अनोळखी माणूस, भुंकणारे शेजारी, झुकलेली टीटर, ताईचा ताण हे सगळं सोसलं होतं. असे ताण एकावर एक साचतात आणि एक चांगली फेरी आधीचं सगळं पुसून टाकत नाही. शरीर पूर्ववत व्हायला वेळ लागतो. चार तास वाट पाहून ती पुन्हा आत गेली असती, तर दमलेल्या कुत्रीच्या चुकीवर तिचा पहिला स्पर्धेचा अनुभव संपण्याची शक्यता मला जास्त वाटत होती. आणि गाडीत ती गाढ झोपली होती, पोट वर करून. दोन दिवसांतली ती पहिली झोप. ताईनं गाडीच्या काचेतून तिच्याकडे पाहिलं, परत आली आणि फलकावरच्या तिच्या नावापुढे रेघ मारून आली. बाबा परतीच्या वाटेवर फारसं बोलले नाहीत. भरलेल्या पैशांची त्यांना वाटणारी खंत मला समजते. स्पर्धा स्वस्त नसतात, आणि त्या मुलीच्या छंदाचा सगळा खर्च तेच उचलतात.

नंतरचं काम

पुढचे महिने आम्ही बुंदीला नवं काही शिकवलं नाही, जे येत होतं तेच निरनिराळ्या जागी नेलं. दुसऱ्या क्लबचं मैदान तासावर भाड्यानं घेतलं, एका घोड्यांच्या रिंगणात सरावाच्या दिवशी गेलो, पार्कात दोन सुट्या उड्या घेऊन खेळलो. खाऊची पिशवी कमरेवरून काढली. डबा रिंगबाहेर खुर्चीवर ठेवायचा, आधी दोन, मग चार, मग आठ अडथळे, आणि मग दोघींनी मिळून डब्याकडे पळत जायचं. खाऊ अंगावर नसला तरी तो आहे, हे बुंदीला असं उमगत गेलं.

उंची मोजण्यासाठी बाबांनी प्लास्टिकच्या पाइपांची चौकट घरी करून दिली. ती रोज थोडा वेळ पाठीवर टेकवायची, आधी ताईनं, मग आईनं, मग शेजाऱ्यांनी. टीटरसाठी फळीखाली उशा ठेवून सुरुवात केली आणि हळूहळू उशा कमी केल्या. आवाज झाला की चिकन, फळी हलली की चिकन. हे काम मंद आहे आणि त्यात घाई चालत नाही.

ताईसाठी वेगळा गृहपाठ होता. बुंदीला घरी ठेवून ती दोन स्पर्धांमध्ये दांड्या लावायला स्वयंसेविका म्हणून बसली. दिवसभर रिंगमध्ये बसलं की कळतं, उत्तम हँडलरच्या कुत्र्यांच्याही दांड्या पडतात, अनुभवी कुत्रेही एखाद्या दिवशी हुंगतात, आणि परीक्षक त्याकडे किती शांतपणे पाहतात. रिंग तिच्याही सवयीची झाली.

वसंतात दोघींनी पुन्हा नाव दिलं. दिवसाला एकच फेरी, फक्त जंपर्स, कृत्रिम गवताच्या हॉलमध्ये. माप घेताना बुंदी ताईचा हात चाटत उभी राहिली. फेरीत वीव्ह पोल पहिल्याच प्रयत्नात झाले, नंतरच्या एका उडीची दांडी पडली आणि ‘क्यू’ गेला. निकाल लागायच्या आधीच बाबांनी मला फोन केला आणि सांगितलं, “आल्या आल्या चिकन खाल्लं हो तिनं.”

स्टँडर्डमध्ये अजून नाव दिलेलं नाही. टीटरखाली एक उशी शिल्लक आहे. ती निघाली आणि बुंदी तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या टीटरवर शेवटपर्यंत जाऊ लागली, की शरद ऋतूतल्या स्पर्धेचा अर्ज भरायचा, असं ताईनं ठरवलं आहे. घोड्यांच्या रिंगणातली स्पर्धाच तिनं मुद्दाम निवडली आहे, आणि पहिल्या दिवसाची फेरी प्रदर्शनाची असेल हे तिनं आत्ताच बाबांना सांगून ठेवलं आहे.